दाणा टाकण्याआधी

पहाटे साडेपाचला मी गच्चीवर जाते, तेव्हा खालच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड सुरू झालेली असते आणि पूर्वेकडे जेमतेम फटफटू लागलेले असते. कबुतरांच्या ढाबळीपाशी पोहोचल्यावर हातातला ज्वारीचा डबा मी आवाज न करता कडेला ठेवते आणि जाळीबाहेर पाच-सात मिनिटे नुसती उभी राहते. डबा एकदा वाजला, की सगळीच्या सगळी कबुतरे निरोगी दिसू लागतात. जे रात्रभर पिसे फुगवून कोपऱ्यात बसलेले असते तेसुद्धा पिसे आवरते, मान उंचावते आणि इतरांच्या घोळक्यात खाली उतरून चार दाणे टिपल्यासारखे करते. म्हणून जे काही बघायचे ते डबा वाजण्याआधी बघावे लागते.

कबूतर आजार लपवते. थव्यात जे पाखरू मागे पडते त्याच्यावरच शिक्रा झडप घालतो, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते. आपल्या ढाबळीतले पंख्यासारख्या शेपटीचे लक्के काय आणि उंच उडणारे गिरेबाज काय, सगळे मूळचे खडकांच्या कपारीत राहणाऱ्या पारव्याचेच वंशज, आणि माणसाजवळ हजारो वर्षे काढूनही ती भीती त्यांच्या अंगातून गेलेली नाही. त्यामुळे ‘हे आजारी दिसते आहे’ असे आपल्याला वाटते त्या दिवशी आजाराला बहुधा तीन-चार दिवस उलटून गेलेले असतात. ते चार दिवस परत मिळवायचे असतील, तर पाखरू बरे असताना कसे बसते, कुठे बसते, कोणाशी भांडते, दाण्यावर कितवे उतरते, हे आधीपासून ठाऊक असावे लागते. औषधांची नावे मी पुष्कळ नंतर शिकले. हे आधी शिकले असते, तर पुढे सांगणार आहे त्या श्रावणात माझी सात कबुतरे कदाचित वाचली असती.

ढाबळ मुळात दादाची. २०१४ साली त्याला पुण्यात नोकरी लागली. सोलापुरात घरटी एखादा तरी मुलगा असा पुण्याला गेलेला असतो, त्यातलाच तोही एक. जाताना त्याने गच्चीवरची ३८ कबुतरे, अर्धे पोते मका आणि ‘दाणापाणी तेवढे बघ’ एवढी एकच सूचना माझ्याकडे सोपवली. मी टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब लिहिते. आवक-जावक जुळली की काम झाले, असे समजण्याची सवय मला तिथे लागलेली होती, आणि कबुतरांच्या बाबतीतही मी तसेच धरून चालले होते. दाणा संपतो आहे, पाणी संपते आहे, म्हणजे सगळे ठीक आहे. पुढे कळले, की ठीक नसले तरीही पाणी संपते, किंबहुना जास्तच संपते.

मला खरे बघायला शिकवले ते मागच्या गल्लीतल्या चाचांनी. त्यांच्या वडिलांपासून घरात गिरेबाज आहेत आणि आसपासची कबूतरबाज मंडळी त्यांना वस्ताद म्हणतात. पहिल्यांदा मी त्यांना ढाबळ दाखवायला नेले, तेव्हा त्यांनी एकाही पाखराकडे पाहिले नाही. ते थेट खाली वाकले, फळीखालचा पत्रा बाहेर ओढला आणि त्याच्यावरची रात्रीची शीट एका काडीने उलटसुलट करत बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बेटी, परिंदा झूट बोलता. बीट झूट नै बोलती.”

निरोगी कबुतराची शीट सुपारीएवढी, घट्ट, तपकिरी किंवा हिरवट-तपकिरी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी घातल्यासारखा भाग असतो. हा पांढरा भाग म्हणजे पाखराची लघवी, कारण पाखरे लघवी वेगळी करत नाहीत. अशा शिटेला वास जवळजवळ नसतो, काडीने ढकलली तर ती न फिसकटता सरकते आणि तिला बहुधा एखादे मऊ पीस चिकटलेले असते. ती गर्द हिरवी आणि पातळ झाली, तर पाखराच्या पोटात दाणा जात नाही आणि नुसते पित्त बाहेर पडते आहे, अशी शंका घ्यावी. शेवाळी रंगाची, बुळबुळीत आणि दुर्गंधी येणारी असेल, तर आतड्यातल्या रोगाची किंवा जंतांची शंका घ्यावी. स्वच्छ पाण्याचे थारोळे आणि त्यात मधोमध एखादी वळवळीत, सुतासारखी शीट असे दिसले, तर दुखणे पोटाचे नसून मूत्रपिंडाकडचे असते, आणि ते अधिक वाईट. ही तिसरी गोष्ट चाचांनी मला त्या दिवशीच सांगितली होती. मी ती ऐकली, पण लक्षात ठेवली नाही.

शिटेवरून घाबरायचे कधी नाही, हेही शिकावे लागते. अंड्यावर बसलेली मादी घरट्यात घाण नको म्हणून तासन्‌तास शीट धरून ठेवते आणि उठली की एकदम लिंबाएवढी, दुर्गंधीयुक्त शीट टाकते. पहिल्यांदा ती पाहून मी मादीला खोक्यात घालून दवाखान्याकडे निघाले होते, तर चाचांनी जिन्यातच अडवून तिला अंड्यांवर परत पाठवले. पिल्ले भरवणारी जोडी पाणी जास्त पिते, त्यामुळे तिची शीट सैल असते. मे महिन्यात, पारा ४३ वर गेला की सगळ्यांचीच थोडी पातळ होते. म्हणून मी आता प्रत्येक खणाखाली जुन्या वर्तमानपत्राचा वेगळा तुकडा घालते आणि कोणत्या खणात काय दिसले ते कारखान्यातून आणलेल्या एका जुन्या खतावणीत लिहून ठेवते. या वहीची घरात पुरेशी थट्टा झालेली आहे.

पत्र्यावर काही वावगे दिसले, तर पाखरू हातात घ्यायचे, तेही सकाळी, दाण्याआधी, जेव्हा गळ्याखालची दाण्याची पिशवी रिकामी असायला हवी. पाय आपल्या पहिल्या दोन बोटांच्या मध्ये, अंगठा पंखांच्या टोकांवर आणि छाती दुसऱ्या हाताच्या तळव्यावर, असे धरले म्हणजे पाखरू धडपडत नाही. निरोगी कबूतर हाताला आपल्या आकारापेक्षा जड वाटते आणि सोडल्यावर तळव्यावर पांढरी भुकटी राहते. ही भुकटी त्याच्या खास पिसांतून झडत असते आणि ती हाताला लागेनाशी झाली, तर काहीतरी बिघडले आहे. छातीच्या मधोमध हाड असते, त्याच्या दोन्ही बाजूंना बोट फिरवायचे. मांस गोलाई घेऊन हाडापर्यंत आलेले हवे. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागले, तर पाखरू कितीही टवटवीत दिसत असले तरी ते कित्येक दिवस आतून झिजते आहे. चोचीच्या मुळाशी असलेला मांसल भाग खडूने रंगवल्यासारखा पांढरा असावा. तो मळकट किंवा ओलसर दिसला, तर आत सर्दी आहे. एकाच डोळ्याला पाणी येत असेल आणि डोळ्याभोवतीची पिसे ओली असतील, तर मी त्या पाखराला हात लावल्यावर साबणाने हात धुते आणि तोंडाला फडके बांधल्याशिवाय त्याच्याजवळ जात नाही, कारण अशा सर्दीमागचा एक रोग माणसालाही होतो. शेवटी चोच उघडून घसा बघायचा. तो गुलाबी, ओला आणि वासाशिवाय असावा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा मी गच्चीवर नेते, यावरून आईने पुष्कळ बोलून घेतले. मग मी दुसरा आणला. कबुतराचे वजन साधारण तीन-साडेतीनशे ग्रॅम. त्यात ३० ग्रॅमची घट म्हणजे जवळजवळ दहा टक्के, आणि ३० ग्रॅम डोळ्यांना दिसत नाहीत, कारण पिसे ते झाकून टाकतात. माझ्या मते ढाबळीत ठेवायची पहिली वस्तू औषधांचा डबा नसून हा काटा आहे.

आता तो श्रावण. २०१७ साली, आठवडी बाजारात, एका विक्रेत्याकडे मला लक्क्यांची एक पांढरी जोडी दिसली. शेपटीचा पंखा इतका डौलदार, की भाव न करताच मी ती घेतली आणि त्याच संध्याकाळी बाकीच्यांच्यात सोडली. नवे पाखरू महिनाभर वेगळे ठेवावे, हे चाचा बजावून थकले होते. पण जोडी इतकी तजेलदार होती, की तिला पिंजऱ्यात कोंडणे मला जिवावर आले. नवव्या दिवशी पत्र्यावर पाण्याची थारोळी दिसली आणि दुपारी बारालाच पाण्याची भांडी कोरडी पडलेली. पाऊस नाही, उकाडा आहे, म्हणून जास्त पीत असतील, असे मी ठरवले आणि भांडी पुन्हा भरली. दोन दिवसांनी एका वर्षाच्या आतल्या नराची मान बारीक थरथरू लागली. तो दाण्यावर चोच मारत होता आणि प्रत्येक वेळी ती दाण्याच्या बोटभर बाजूला पडत होती. भूक होती, दाणा समोर होता, पण नेम लागत नव्हता. मी दादाला व्हिडिओ कॉल लावला, तर तो पुण्याहून म्हणाला, “ऊन लागलं असंल बघ, गुळाचं पाणी दे.” चाचा आले, दारातूनच त्यांनी त्या नराकडे पाहिले आणि एकच शब्द उच्चारला, “मानमोडी.”

खेडोपाडी कोंबड्यांच्या राणीखेतीला लोक मानमोडी म्हणतात. कबुतरांचा हा रोग त्याच विषाणूच्या कबुतरांत रुळलेल्या प्रकारामुळे होतो, त्यामुळे नाव चुकीचे नाही. तो आधी मूत्रपिंडावर येतो, म्हणून पाण्याची थारोळी. मग मज्जासंस्थेवर येतो, म्हणून थरथर, वाकडी मान, पाय किंवा पंख लुळा पडणे. विषाणू मारणारे औषध त्याच्यावर नाही. शेजारच्या एका औषध दुकानदाराने मात्र मोठ्या विश्वासाने माणसांच्या प्रतिजैविकाच्या कॅप्सूल दिल्या आणि पाण्यात फोडून घालायला सांगितले. मी चार दिवस ते केले. प्रतिजैविक विषाणूवर चालत नाही, उलट पोटातले उपकारक जिवाणू मारून आधीच खंगलेल्या पाखराला जुलाब लावते, ही गोष्ट मला पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून पाचव्या दिवशी समजली. अजूनही कोणी काविळीच्या, सर्दीच्या आणि ‘सगळ्याच्या’ म्हणून एकच पुडी कबुतरांना देताना दिसले, की मला राग येतो, आणि त्या रागात माझा स्वतःवरचा राग किती आहे ते मला ठाऊक आहे.

तीन आठवड्यांत सात गेली, त्यांपैकी पाच त्या वर्षीची पिल्ले. बाजारातून आणलेल्या त्या लक्क्यांना मात्र काहीही झाले नाही. ती जोडी कधीतरी पूर्वी या रोगातून उठलेली असावी आणि रोग अंगावर न दाखवता इतरांना देत असावी, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले.

वाचलेल्यांत काजळी होती. काजळी म्हणजे धुरकट पंखांची गिरेबाज मादी, ढाबळीत सगळ्यांत उंच जाणारी. तिची मान इतकी उलटली, की माथा जमिनीला आणि चोच आभाळाकडे. घाबरली की ती जागच्या जागी भिंगरीसारखी फिरायची. तिला मी जिन्याखाली, अंधाऱ्या, शांत जागी एका खोक्यात ठेवले, बसायला फळी न देता, कारण फळीवरून ती पडली असती. तळाशी कारखान्यातला डागी टॉवेल अंथरला. दाणा पसरट ताटलीत न देता खोल वाडग्यात चार बोटे जाड भरून ठेवला, म्हणजे नेम चुकून चोच कुठेही पडली तरी दाण्यावरच पडावी. ही युक्ती चाचांची. पहिले दहा दिवस तिला तेही जमले नाही, तेव्हा रात्री भिजवलेले हरभरे एकेक करून चोच उघडून जिभेच्या मागे सारावे लागत. सकाळी २५, संध्याकाळी २५. पुढचा घास देण्याआधी गळ्याखालची पिशवी चाचपायची. कालचे हरभरे तसेच हाताला लागले, तर दाणा थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. पाणी ड्रॉपरने घशात सोडायचे नाही, कारण कबुतराच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते आणि पाणी सरळ फुप्फुसात जाते. कबूतर कोंबडीसारखे घोट घेऊन मान वर करत नाही, तर चोच बुडवून गाईसारखे ओढून पिते. म्हणून मी तिची मान दोन बोटांनी हळूच सरळ धरायची, चोच खोल वाटीत नाकपुड्यांच्या खालपर्यंत बुडवायची आणि वाट बघायची. ती पिऊ लागली, की गळ्यावरची पिसे लयीत हलू लागत. कारखान्यातून दुपारच्या सुट्टीत सायकलवरून घरी येऊन मी हे करत असे, आणि त्या वीस मिनिटांच्या हिशेबाला वहीत खाते नव्हते.

सातव्या आठवड्यात तिने नेम न चुकता दाणा टिपला. मान सरळ झाली, पण दचकली की आजही थोडी कलते, आणि ती आता उंच जात नाही. पुढच्या वर्षीपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळ्यांना मानेच्या मागच्या सैल कातडीखाली मेलेल्या विषाणूची लस दरवर्षी टोचली जाते, तीही सगळी निरोगी असताना. रोग ढाबळीत शिरल्यावर लस शोधायला धावणे म्हणजे तहान लागल्यावर आड खणणे, आणि आम्ही ते करून चुकलेलो होतो.

सोलापूरच्या कबुतरांना आणखी एका बाजूने धोका असतो, तो पाण्याच्या बाजूने. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे प्रत्येक गच्चीवर पिंपे, टाक्या, घागरी भरलेल्या असतात. साठवलेल्या पाण्याच्या भांड्याला आतून बुळबुळीत थर धरतो. दहा चोचींनी त्याच भांड्यात पाणी पिले, की घशातल्या एका सूक्ष्म परजीवीला एका पाखराकडून दुसऱ्याकडे जायला आयती वाट मिळते. मोठी कबुतरे हा परजीवी घशात घेऊन वर्षानुवर्षे सुखाने जगतात. मारतो तो पिल्लांना. अंडी घातल्यावर साधारण १८ दिवसांनी पिल्ले बाहेर येतात आणि पहिले काही दिवस आई आणि बाप दोघेही त्यांना आपल्या गळ्याखालच्या पिशवीत तयार होणारे दह्यासारखे दूध भरवतात. त्याच दुधातून तो परजीवी पिल्लांकडे जातो.

अकरा दिवसांचे एक पिल्लू मला आठवते. सख्ख्या भावाच्या निम्मे वजन, चोच सारखी अर्धवट उघडी, आईबाप भरवायला आले की मान वर करायचे, पण गिळता येत नसल्याने दाणा तोंडातून खाली पडायचा. चोच उघडून टॉर्च मारला, तर घशात पिवळसर, छेन्यासारखा गोळा, आणि असा वास की मी मान फिरवली. बोटाने तो खरवडून काढावा असे कोणालाही वाटेल, पण खाली रक्त वाहते आणि पिल्लू तिथेच दगावते, म्हणून हात लावला नाही. पिल्लू गरम फडक्यात गुंडाळून तसेच दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी घशातून कापसाची काडी फिरवली, कोमट सलाइनच्या थेंबात काचेवर घेतली आणि मला सूक्ष्मदर्शकात बघायला लावले. थेंबाएवढ्या पाण्यात शेकडो पारदर्शक कण शेपटी मारत वळवळत होते. यावर औषध आहे आणि ते गुणकारी आहे. मात्र मात्रा वजनावर ठरते, आणि अर्धवट दिले तर परजीवी ते पचवायला शिकतो. ते पिल्लू जगले. त्या दिवसापासून पाण्याची भांडी मी रोज दोनदा ओततेच, शिवाय काथ्याने घासून उन्हात पालथी घालते. नुसते पाणी बदलून तो थर जात नाही.

याच पिंपांत डास होतात, आणि कबुतरांना होणारा देवीचा रोग डासांमुळे पसरतो. पावसाळा सरता सरता चोचीच्या कडांवर, पापण्यांवर, पायांवर मसुरीएवढे खवले उठतात. बहुतेक पाखरे तीन-चार आठवड्यांत आपोआप बरी होतात. खपल्या ओढायच्या नाहीत, डोळा चिकटला तर कोमट पाण्याने पुसायचा, आणि खवले घशात उतरले तर मात्र डॉक्टरांकडे न्यायचे. मी ढाबळीला बारीक जाळी लावली आणि आमच्या पिंपांवर जुन्या चादरी दोरीने आवळून बांधल्या. शेजाऱ्यांनी आपली पिंपे उघडीच ठेवली असल्यामुळे माझी जाळी निम्मीच कामाला येते. पण जाळीमुळे दाण्यावर येणारे बाहेरचे पारवे थांबले, आणि तो लाभ मोठा आहे.

दाण्याबद्दल फार लिहीत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी जवळ असताना कबुतरांना उपाशी ठेवणे कठीण आहे. ज्वारी, बाजरी, थोडा मका, हरभरा किंवा मटकी, आणि पिसे झडण्याच्या दिवसांत मूठभर करडई, इतके पुरते. मका मात्र नाकाला लावून, फोडून बघितल्याशिवाय घालू नये, कारण आत बुरशी असेल तर तिचे विष यकृतावर जाते आणि पाखरे एकामागून एक, कोणतेही लक्षण न दाखवता मरतात. आणि दाण्यासोबत बारीक खडी, विटेचा चुरा, शिंपल्यांचा चुरा हवाच. कबुतराला दात नाहीत, पोटातले खडेच दाणा दळतात, आणि शिंपल्यातले कॅल्शियम न मिळालेली मादी मऊ टरफलाचे अंडे घालते किंवा अंडे अडकून फुगून बसते.

उन्हाळ्यात गोणपाट भिजवून पश्चिमेच्या जाळीवर टाकावे, दुपारी कोणालाही उडवू नये, आठवड्यातून दोनदा परातीत आंघोळीला पाणी द्यावे. थंडीत त्रास निराळा. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतले शोभेचे दारूकाम होम मैदानावर होते, आणि त्या रात्री आवाजाने ढाबळीत जी धावपळ होते तिने पंख जाळीवर आपटून रक्त निघते. दबलेला रोगही ताणाने वर येतो. गड्ड्यानंतरच्या आठवड्यातल्या नोंदी माझ्या वहीत नेहमीच जास्त आहेत. त्या दिवसांत मी दार उघडत नाही, आणि संक्रांतीच्या आगेमागे तर नाहीच नाही. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे. पण गच्चीवरच्या तारांवर तो मला दरवर्षी लोंबताना दिसतो, आणि त्यात पंख अडकलेल्या कबुतराला मानमोडीचाही दिलासा नसतो, कारण सात आठवडे सेवा करून तुटलेला स्नायू परत येत नाही.

पाखरांच्या फुप्फुसांची इतकी काळजी घेताना स्वतःच्या फुप्फुसांकडे माझे लक्ष नव्हते. दोन हिवाळ्यांपूर्वी संध्याकाळी कोरडा खोकला, बारीक ताप आणि जिना चढताना धाप सुरू झाली. डॉक्टरांनी छाती तपासली, कामाबद्दल विचारले, आणि मी सुताच्या धुळीकडे बोट दाखवणार इतक्यात त्यांनी विचारले, “घरात कबुतरे आहेत का?” पिसांची भुकटी आणि वाळलेल्या शिटेची धूळ वर्षानुवर्षे श्वासातून गेली, तर काहींच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी बसते आणि दुर्लक्ष केले तर फुप्फुसे कायमची कडक होतात. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून वाद पेटला, तेव्हा हेच कारण वर्तमानपत्रांतून रोज छापून येत होते, आणि आमच्या घरी आई ते मोठ्याने वाचून दाखवत होती. कबूतरप्रेमी म्हणून मला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही, कारण ते खरे आहे. मी कबुतरांची संख्या ३८ वरून १६ वर आणली, जाळीदार मास्क सोडून चांगला मास्क लावू लागले, पत्रा आधी पाण्याने भिजवून मगच खरवडू लागले. कोरडा झाडू आता ढाबळीत जात नाही. खोकला थांबला आहे. सोळा पाखरांवर लक्षही नीट राहते.

चाचांनी शिकवलेली शेवटची गोष्ट पिसांची. कबुतराच्या पंखात दहा मोठी उडण्याची पिसे असतात आणि ती वर्षातून एकदा, एकापाठोपाठ एक, क्रमाने झडून नवी येतात. पीस वाढत असताना पाखरू आजारी पडले, उपाशी राहिले किंवा फार घाबरले, तर त्या दिवसांत वाढलेल्या भागावर आडवी, बारीक, पारदर्शक रेघ उमटते, आणि पीस झडेपर्यंत ती रेघ तिथे राहते. पंख उन्हात धरून उघडला, की गेल्या काही महिन्यांत पाखराचे काय झाले ते वाचता येते. काजळीचे त्या श्रावणातले पीस झडले तेव्हा मी ते उचलून पाहिले होते. त्याच्यावर मधोमध एकाखाली एक तीन रेघा होत्या, आणि वहीतल्या तारखांशी मी त्या ताडून बघितल्या. आजाराचा पहिला आठवडा, कॅप्सूलचे चार दिवस, आणि जिन्याखाली मांजर शिरले ती रात्र.

यंदा गड्ड्याला दादा आला, तो हातात खोके घेऊनच. पुण्यातल्या मित्राकडून मिळालेली शिराजींची जोडी, काळीभोर पाठ, पांढरीशुभ्र छाती. तो जिन्यावरून थेट गच्चीकडे निघाला, तेव्हा मी खोके त्याच्या हातातून काढून घेतले आणि अंगणात उन्हाला आणून दोघांचेही पंख उघडले. मादीच्या उजव्या पंखात एका पिसावर रेघ होती.

“अगं, चोख जोडी आहे,” दादा म्हणाला. “माझीच कबुतरं मला सोडू देईना झालीस.”

“तीस दिवस,” मी म्हणाले.

शेजारचा सहावीतला मुलगा तिथेच उभा होता. तो रोज संध्याकाळी माझ्या वहीत नोंदी करतो. त्याने लगेच पान उलटले, वर तारीख टाकली आणि दादाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “मावशी, मादीचं वजन आजच लिहू का उद्या? आत्ता तिनं दाणा खाल्लाय.” दादा हसला, पण दोन दिवसांनी पुण्याची गाडी पकडेपर्यंत तो सारखा जिन्याखाली वाकून बघत होता.

जोडी अजून जिन्याखालीच आहे. काल मादीचे वजन ३१२ ग्रॅम भरले, आल्या दिवसापेक्षा ९ ग्रॅम जास्त. शीट घट्ट आहे. आज तेविसावा दिवस.